पेठेचा कारभारी

१९५६ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराला लागून असलेल्या इडाइना या उपनगरात 'साउथडेल' नावाचे व्यापारसंकुल उघडले. चारी बाजूंनी बंदिस्त, आत बारा महिने सारखेच हवामान आणि बाहेर गाड्या लावायला ऐसपैस मैदान. आज आपण ज्याला मॉल म्हणतो, त्याचा हा पहिला पुरा नमुना. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे, नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आलेले. साउथडेलनंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मिशिगन राज्यातल्या कॅलामझू या शहराने ग्रुएन यांच्याच आराखड्याच्या आधारे आपल्या जुन्या पेठेतला मुख्य रस्ता गाड्यांना बंद केला. तिथे झाडे लावली, बाके मांडली. मॉल पेठेची गिऱ्हाइके पळवत असेल, तर पेठेलाच मॉल करून टाकू, असा तो हिशेब होता.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या दोनशेच्या आसपास पेठांनी हाच कित्ता गिरवला. त्यातल्या बहुतेकांची निराशा झाली. खुद्द कॅलामझूने १९९८ मध्ये त्या रस्त्याच्या काही भागात पुन्हा गाड्या येऊ दिल्या. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराने १९६४ मध्ये ग्रुएन यांच्याच योजनेनुसार केलेला पादचारी रस्ता २०१७ मध्ये पुन्हा वाहनांसाठी खुला झाला.

हे प्रयोग फसण्याची कारणे अनेक. नव्या महामार्गांनी माणसे शहराबाहेर राहायला नेली होती, त्यांच्या मागोमाग दुकानेही गेली. पण एक कारण प्रयोगाच्या आतच होते. पेठांनी मॉलचे रूप उचलले, कारभार उचलला नाही. मॉलला मालक एक असतो. कोणत्या गाळ्यात कोणते दुकान येईल हे तो ठरवतो, उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा लावून देतो, जाहिरात सगळ्यांची मिळून करतो. झाडलोट, दिवे, सुरक्षा यांचा खर्च प्रत्येक गाळेधारकाकडून करारानुसार वसूल करतो. पेठेत मालक शंभर असतात. प्रत्येकाला आपल्या छपराची काळजी असते, पदपथ नगरपालिकेचा असतो आणि सगळ्या पेठेकडे मिळून पाहणे हे कोणाचेच काम नसते. शेजारचा गाळा दोन वर्षे रिकामा पडून असला तर त्याचा तोटा आजूबाजूच्या दहा दुकानांना होतो, पण त्या दहांपैकी कोणाच्याच हातात त्याचा उपाय नसतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी जी व्यवस्था निघाली तिला बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, थोडक्यात बीआयडी, म्हणतात. तिची रचना सांगायला सोपी आहे. पेठेभोवती एक सीमा आखायची. सीमेच्या आतल्या व्यापारी मालमत्तांवर नेहमीच्या कराच्या जोडीला एक जादा आकार लावायचा. तो नगरपालिकेने वसूल करायचा, पण आपल्या तिजोरीत न ठेवता जसाच्या तसा पेठेच्या मंडळाकडे द्यायचा. मंडळाने तो त्याच सीमेच्या आत, त्याच पेठेसाठी खर्च करायचा.

वर्गणी पुरत नाही तेव्हा

या व्यवस्थेचा जन्म अमेरिकेत नव्हे, कॅनडात झाला. टोरांटो शहराच्या पश्चिमेला ब्लूर स्ट्रीटवर दुकानांची एक जुनी रांग आहे. त्या रस्त्यावरून ट्राम धावत असे आणि ट्राममधून जाणाऱ्याला दुकानांच्या काचा दिसत असत. १९६६ मध्ये ब्लूर स्ट्रीटखालून भुयारी रेल्वे सुरू झाली आणि १९६८ मध्ये ती पश्चिमेकडे वाढून या वस्तीच्या खालून पुढे गेली. ट्राम बंद झाली, प्रवासी जमिनीखाली गेले. शहराच्या उत्तरेला यॉर्कडेल हा मोठा मॉल १९६४ मध्येच उघडला होता. दुकानदारांना दोन्ही बाजूंनी मार बसला.

दुकानदारांची संघटना होती. रस्त्यावर दिवे लावावेत, कुंड्या ठेवाव्यात, सणासुदीला सजावट करावी, एवढी तिची इच्छा होती. पण वर्गणी ऐच्छिक. गल्लीतल्या गणेश मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारात आले की काही जण देतात, काही जण 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात. रोषणाई मात्र सगळेच पाहतात. उत्सव दहा दिवसांचा असतो, म्हणून तिथे हे चालून जाते. पेठेचा खर्च वर्षभराचा. दरवर्षी न देणारे वाढत गेले की देणारेही विचारू लागतात, आम्हीच का? अर्थशास्त्रात ज्याला फुकट्याचा प्रश्न म्हणतात तो हाच.

ब्लूरच्या दुकानदारांनी तोडगा काढला तो असा: आमच्यावर कर लावा, पण सगळ्यांवर लावा आणि पैसा आम्हालाच परत द्या. ऑन्टेरिओ प्रांताने कायद्यात तशी तरतूद केली आणि १९७० मध्ये 'ब्लूर वेस्ट व्हिलेज' ही जगातली पहिली बीआयडी ठरली. व्यापाऱ्यांनी आपण होऊन कर मागण्याची उदाहरणे इतिहासात फारशी सापडत नाहीत. आज एकट्या टोरांटोत अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे आहेत.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यू ऑर्लिन्स शहराने हा मार्ग घेतला आणि आता देशभरात हजाराहून अधिक बीआयडी आहेत. दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री जग ज्याचे प्रक्षेपण पाहते त्या न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरची देखभालही १९९२ पासून अशाच संस्थेकडे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या मध्यवर्ती भागात ही व्यवस्था २००० मध्ये आली. इंग्लंडने २००३ मध्ये कायदा केला आणि २००५ मध्ये टेम्स नदीकाठच्या किंग्स्टनमध्ये पहिले क्षेत्र सुरू झाले. जर्मनीत हॅम्बुर्गने त्याच सुमारास स्वतःचा कायदा आणला.

कोण भरतो, कोण ठरवतो

न्यूयॉर्क राज्याचा कायदा जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण या व्यवस्थेचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्या कलमांत दिसतात.

आधी क्षेत्राचा आराखडा तयार करावा लागतो. सीमा कोणती, कामे कोणती, खर्च किती, आकार कोणत्या हिशेबाने लावायचा, हे सगळे त्यात लिहिलेले असते. मग जाहीर सुनावणी होते. सुनावणीनंतर तीस दिवसांत किमान ५१ टक्के मालकांनी, किंवा क्षेत्रातल्या एकूण करपात्र मूल्यापैकी किमान ५१ टक्के मूल्य ज्यांच्या हाती आहे अशा मालकांनी, लेखी हरकत घेतली तर क्षेत्र स्थापन होऊ शकत नाही. जो बोलत नाही त्याचा होकार धरला जातो, हे इथले मर्म. इंग्लंडमध्ये याच्या उलट आहे. तिथे प्रत्यक्ष मतदान होते आणि मते देणाऱ्यांची संख्या व त्यांच्या मालमत्तांचे करमूल्य अशा दोन्ही कसोट्यांवर बहुमत लागते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. पुढे चालू ठेवायचे तर पुन्हा कौल घ्यावा लागतो.

दुसरा फरक भरणाऱ्याचा. अमेरिकेत आकार जागेच्या मालकावर बसतो. मालक तो भाडेकरारातून दुकानदाराकडून वसूल करू शकतो आणि पुष्कळदा करतोही. इंग्लंडमध्ये आकार जागा वापरणाऱ्या व्यावसायिकावरच बसतो आणि मतही त्यालाच असते. वरवर हा तपशील किरकोळ वाटतो. पण मंडळात बसून पेठेचे भवितव्य कोण ठरवणार, गाळ्याचे भाडे वाढावे म्हणणारा की आपला माल खपावा म्हणणारा, हे त्यावरच ठरते. न्यूयॉर्कच्या कायद्याने मंडळात मालकांचे बहुमत ठेवले आहे. भाडेकरूंचे प्रतिनिधी आणि नगरपालिकेने नेमलेले सदस्यही असावेच लागतात.

आणखी दोन बंधने आहेत. एक असे की मंडळाची कामे नगरपालिकेच्या कामांच्या वर असली पाहिजेत, त्यांच्या बदल्यात नव्हे. पेठ स्वतःचे पैसे देते म्हणून नगरपालिकेने तिथला झाडूवाला काढून घ्यायचा नाही. दुसरे बंधन पैशाचे. कर्जफेडीचा भाग सोडला तर एका वर्षाचा आकार त्या क्षेत्रातून नगरपालिकेला मिळणाऱ्या एकूण सर्वसाधारण मालमत्ता कराच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये.

या वीस टक्क्यांतच लहान शहराची सगळी गोष्ट आहे. मॅनहॅटनमध्ये गगनचुंबी इमारतींचे मूल्य इतके की छोटासा दर लावूनही कोट्यवधी डॉलर जमतात. त्यातून गणवेशधारी सफाई कामगार, गस्तीचे लोक, बागा, कारंजी सारे परवडते. समजा एका लहान शहराच्या पेठेतून नगरपालिकेला वर्षाला दहा लाख डॉलर कर मिळतो. मग तिथल्या बीआयडीला जास्तीत जास्त दोन लाख मिळतील. अमेरिकेत दोन लाख डॉलर म्हणजे दोन-तीन माणसांचे पगार, कचेरीचे भाडे आणि फुलांच्या कुंड्या. म्हणून लहान शहरातली बीआयडी पैशाच्या जोरावर पेठ सावरू शकत नाही. तिच्याकडे जे असते ते म्हणजे दिवसभर फक्त पेठेचाच विचार करण्यासाठी पगार घेणारी दोन-चार माणसे. त्यांच्याकडून काय होऊ शकते, हे पाहण्यासाठी इथाका हे चांगले उदाहरण आहे.

सरोवराकाठचे एक शहर

न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, कायुगा नावाच्या लांबट सरोवराच्या दक्षिण टोकाला इथाका वसले आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती सुमारे ३२ हजार. पूर्वेच्या टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ, दक्षिणेच्या टेकडीवर इथाका कॉलेज आणि दोन्हींच्या पायथ्याशी जुनी पेठ. इतके विद्यार्थी हाताशी असताना पेठेला चिंता कसली, असे कोणालाही वाटेल. पण विद्यार्थी राहतात वर टेकडीवर, विद्यापीठाला लागूनच त्यांची वेगळी खानावळी-दुकानांची वस्ती आहे आणि पेठेत उतरायचे म्हणजे परत चढण चढायची. शिवाय उन्हाळ्याच्या सुटीत शहर निम्मे रिकामे होते.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर इथाकानेही कॅलामझूचीच वाट धरली. स्टेट स्ट्रीटचे दोन ब्लॉक आणि त्याला येऊन मिळणारा टायोगा स्ट्रीटचा एक ब्लॉक गाड्यांना बंद झाला. 'इथाका कॉमन्स' या नावाने तो ओळखला जाऊ लागला. पाठोपाठ १९७६ मध्ये उत्तरेला लॅन्सिंगमध्ये मॉल उघडला. पुढे शहराच्या नैर्ऋत्येला हमरस्त्यालगत मोठ्या साखळी दुकानांची रांग उभी राहिली. पेठेतली मोठी दुकाने एकेक करून गेली.

१९९७ मध्ये इथाकाने पेठेतल्या वीसेक ब्लॉकची बीआयडी केली. तिचे आजचे नाव डाउनटाउन इथाका अलायन्स. त्याच वर्षी कॉमन्सवर आणखी एक गोष्ट आली. कॉर्नेलचे प्राध्यापक, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन १९९६ च्या डिसेंबरात वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ सूर्यमालेची पाचशे कोटी पटींनी लहान केलेली प्रतिकृती शहराच्या रस्त्यांवर मांडण्यात आली. सूर्याचा स्तंभ कॉमन्सवर, मंगळापर्यंतचे ग्रह तिथेच चालायच्या अंतरावर आणि प्लूटो सुमारे सव्वा किलोमीटर दूर, मुलांच्या विज्ञान केंद्रापाशी. हे काम बीआयडीचे नव्हे. पण पेठेत माणसे खरेदीखेरीजही येतात, आली पाहिजेत, हे सूत्र बीआयडीनेही पहिल्यापासून धरले, म्हणून ते सांगितले.

वर्षभराचे काम

अशा संस्थेच्या कामाची यादी पाहिली तर त्यात भव्य काहीच नसते. भिंतींवरचे रंगाचे फराटे पुसायचे, कुंड्यांना पाणी घालायचे, बंद पडलेल्या दिव्याची तक्रार नगरपालिकेकडे नेऊन दिवा लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. कोणता गाळा रिकामा, किती चौरस फूट, मालक कोण, भाडे किती मागतो, याची नोंद अद्ययावत ठेवायची. नवे दुकान काढू पाहणारा आला की त्याला त्या मालकाशी जोडून द्यायचे, कोणता परवाना कोणत्या खिडकीवर मिळतो ते सांगायचे. मॉलचा मालक भाडेकरू निवडतो. बीआयडीला तो अधिकार नाही. ती फक्त सुचवू शकते, गळ घालू शकते. पण पेठेत पुस्तकांचे दुकान हवे, किराणा हवा, दहावे कॉफीचे दुकान नको, हे कोणीतरी मालकांना सतत सांगत राहिले तर कधी कधी ऐकले जाते.

मग येतात उत्सव. सरोवराच्या आसपास सफरचंदाच्या बागा आहेत, म्हणून शरद ऋतूत सफरचंदाच्या सुगीचा उत्सव. तीन दिवस रस्ता फळे, रस आणि 'पाय' नावाच्या गोड पदार्थाच्या दुकानांनी भरतो. कडाक्याच्या थंडीत, जेव्हा पेठेत चिटपाखरू नसते, तेव्हा चिली या तिखट मांस-राजम्याच्या रश्श्याची स्पर्धा. गर्दीच्या दिवशी दुकानांची विक्री वाढतेच असे नाही. रस्त्यावर खाणारी माणसे दागिन्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानात शिरत नाहीत, अशी कुरकुर दुकानदार सगळीकडेच करतात. उत्सवाचा हिशेब त्या दिवसाच्या गल्ल्यावर मांडायचा नसतो. ज्याला पेठेत यायची सवय उरली नाही, त्याला पुन्हा एकदा पेठेत आणणे हा तो खर्च असतो.

२०१३ ते २०१५ या काळात इथाकाच्या कारभाऱ्यांची खरी परीक्षा झाली. चाळीस वर्षे जुन्या कॉमन्सखालच्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या बदलायच्या होत्या. त्यासाठी आख्खा रस्ता उकरावा लागणार होता. काम लांबले. दुकाने उघडी, पण दारासमोर कुंपण आणि धूळ. अशा वेळी गिऱ्हाइकांना आत कसे यायचे हे सांगणारे फलक, दुकाने चालू असल्याची जाहिरात, ठेकेदार आणि दुकानदार यांच्यातली रोजची निरोपानिरोपी, हे सारे कोणाचे तरी पूर्णवेळ काम असावे लागते. नगरपालिकेचा अभियंता ते करत नाही आणि दुकानदाराला वेळ नसतो. नवा कॉमन्स तयार झाला तेव्हा तो पूर्वीपेक्षा मोकळा होता.

पण इथाकाच्या पेठेत सर्वांत मोठा बदल दुकानांमुळे झाला नाही. २००० च्या दशकापासून तिथे धोरण बदलत गेले. गिऱ्हाईक बाहेरून आणण्यापेक्षा पेठेतच वसवा, असे ते धोरण. २००५ च्या सुमारास कॉमन्सपाशी उभ्या राहिलेल्या एका मोठ्या इमारतीत हॉटेल आणि त्याच्याबरोबर कॉर्नेलची प्रशासकीय कार्यालये आली. टेकडीवरचे विद्यापीठ असे काही मजल्यांपुरते खाली उतरले. रोज दुपारी जेवायला बाहेर पडणारी शेकडो माणसे पेठेला मिळाली. मग आणखी हॉटेले आली, दुकानांच्या वर घरे असलेल्या उंच इमारती आल्या, परवडणाऱ्या घरांचे प्रकल्प आले. या सगळ्याला पैसा बीआयडीने दिला नाही, देणे शक्यही नव्हते. नगरपालिकेने आणि परगण्याने करसवलती दिल्या, खासगी विकासकांनी गुंतवणूक केली. बीआयडीने केले ते असे: आराखडे लिहिले, सुनावण्यांना हजर राहून बाजू मांडली, वाहनतळांचे आकडे गोळा केले, शंका घेणाऱ्यांची भेट घेतली. शहरातल्या सगळ्यांनाच हे पसंत होते असे नाही. उंच इमारती आणि श्रीमंत बिल्डरांना करमाफी यांवर तिथे वर्षानुवर्षे वाद झाले आहेत, आजही होतात.

दरम्यान लॅन्सिंगच्या मॉलमधली मोठी दुकाने बंद पडत गेली. अमेरिकेतल्या इतर शेकडो मॉलांप्रमाणे त्यालाही इंटरनेटवरच्या खरेदीने ग्रासले. ज्याच्या भीतीने पेठांनी स्वतःचे मॉल करून घेतले, तो मॉलच आज ओस पडतो आहे. वस्तू घरपोच मिळू लागल्यावर टिकून राहिले ते जिथे बसून खाता येते, नाटक-सिनेमा पाहता येतो, माणसे भेटतात असे ठिकाण. पेठेत १९७३ पासून चालू असलेले 'मूसवुड' हे शाकाहारी उपाहारगृह त्याच्या पाककृतींच्या पुस्तकांमुळे देशभर माहीत आहे. असे ठिकाण मॉलमध्ये आयते विकत मिळत नाही.

रस्ता सगळ्यांचा, मंडळ काहींचे

आता दुसरी बाजू. कर भरणाऱ्यांनीच कारभार पाहायचा, या रचनेत एक पेच आहे. रस्ता सार्वजनिक असतो. त्यावर मालकांचा हक्क जेवढा, तेवढाच तिथे राहणाऱ्या भाडेकरूचा, शाळकरी पोराचा आणि रात्री बाकावर झोपणाऱ्या बेघराचाही.

न्यूयॉर्क शहरातल्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या परिसरात हा पेच फार उघडा पडला. तिथल्या बीआयडीने बेघरांसाठी कार्यक्रम चालवला होता. १९९५ मध्ये आरोप झाले की त्या कार्यक्रमातल्याच काही जणांनी बेघरांना मारहाण करून दारांतून, एटीएमच्या खोल्यांतून हुसकावले. केंद्रीय गृहनिर्माण खात्याने त्याचे अनुदान काढून घेतले. त्याच बीआयडीच्या मंडळात मालकांनाच बहुमत का, एका माणसाला एक मत का नाही, या प्रश्नावर रहिवासी न्यायालयात गेले. १९९८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला की मंडळाचा हेतू मर्यादित आहे, ते शहराच्या देखरेखीखाली चालते आणि भार मालकांवर पडतो. त्यामुळे एक माणूस, एक मत हे तत्त्व इथे लागू नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला, पण नैतिक प्रश्न तसाच राहिला.

इथाकाने याच प्रश्नावर वेगळी वाट घेतली. कॉमन्सवर व्यसन, मनोविकार किंवा घर नसणे यांनी गांजलेली माणसे दिसू लागली, तेव्हा पहारेकरी वाढवण्याऐवजी २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक समाजसेवक नेमण्यात आला. पगाराचा भार नगरपालिका, परगणा, बीआयडी आणि इतर काही संस्थांनी वाटून घेतला. रस्त्यावर हिंडायचे, माणसांना नावाने ओळखायचे, त्यांना दवाखान्यापर्यंत किंवा निवाऱ्यापर्यंत न्यायचे, हे त्याचे काम. दुकानदारालाही पोलिसांऐवजी फोन करायला कोणीतरी मिळाले. बेघरपणाचा प्रश्न यातून सुटत नाही, त्याची मुळे घरांच्या किमतींत आहेत. पण मारहाण आणि ओळख यांत पडणारा फरक मोठाच.

मग या व्यवस्थेचा उपयोग होतो का? अभ्यास झाले आहेत आणि त्यांची उत्तरे सरळसोट नाहीत. लॉस एंजेलिसच्या बीआयडींवर अर्थतज्ज्ञ लिया ब्रूक्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा क्षेत्रांतली गुन्हेगारी काही टक्क्यांनी घटल्याचे दिसले. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये तिथल्या बीआयडींचा मालमत्तांच्या किमतींवर काय परिणाम होतो ते तपासले. मोठ्या, कार्यालयांनी भरलेल्या क्षेत्रांत किमती वाढल्या. लहान, किरकोळ दुकानांच्या क्षेत्रांत तसा परिणाम स्पष्ट दिसला नाही. लहान शहरांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा असा आहे. इथाका तरले त्यामागे विद्यापीठ आहे, सरोवर आहे, धबधबे पाहायला येणारे पर्यटक आहेत. पादचारी पेठा ज्यांनी टिकवल्या त्या बोल्डर, शार्लट्सव्हिल, बर्लिंग्टन या शहरांतही विद्यापीठे आहेत. ज्या गावातला कारखाना बंद पडला आणि तरुण निघून गेले, तिथे कुंड्यांनी आणि उत्सवांनी पेठ भरत नाही.

आपल्याकडच्या अटी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात व्यापारी संघटना असतेच आणि ती ऐच्छिक वर्गणीवरच चालते. मुंबईत काळा घोडा परिसरात १९९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९९९ पासून कलामहोत्सव भरवून त्या भागाचे रूप राखायला हातभार लावला. पण तो प्रायोजकांच्या आणि स्वेच्छेच्या बळावर. सक्तीचा पण आपल्याच पेठेत परतणारा आकार ही कल्पना इथे आणायची, तर तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतील.

पहिली गोष्ट मालकीची. जुन्या पेठांत पागडीचे गाळे पुष्कळ. मालकाला मिळणारे भाडे नाममात्र, त्यामुळे रस्ता सुधारला काय नि बिघडला काय, त्याचे काही बिघडत नाही. जीव अडकलेला असतो तो गाळेधारकाचा. तेव्हा मालकाकडून पैसा घेणारी अमेरिकी रीत इथे लंगडी पडेल. वापरणाऱ्याकडून घेऊन त्यालाच मत देणारी इंग्लंडची रीत जवळची वाटते. दुसरी गोष्ट फेरीवाल्यांची. आपल्या पेठेचा निम्मा व्यवहार पदपथावर होतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असे सांगितले आहे. फक्त दुकानदारांचे मंडळ नेमले तर त्याचा पहिला ठराव फेरीवाले हटवण्याचा असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. तिसरी गोष्ट विश्वासाची. स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्ये राज्यभर दुकाने बंद राहिली होती आणि २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातून सुटका करावी लागली. त्या रागात कराच्या रकमेइतकाच हिशेबाचा जाच आणि अधिकाऱ्यांची धास्ती होती. जादा आकार मागणाऱ्याला आधी या अनुभवाला उत्तर द्यावे लागेल.

ब्लूर स्ट्रीटच्या दुकानदारांनी कर मागितला, कारण पैसा आपल्या डोळ्यांदेखत खर्च होईल याची त्यांना खात्री होती. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही बीआयडीचे यशापयश त्याच खात्रीवर ठरते. कोणी किती दिले, कशावर खर्चले आणि तो निर्णय कोणाला विचारून घेतला, हे दरवर्षी उघड्यावर मांडणारा कारभारी लहान शहरालाही परवडतो. ते न मांडणारा टाइम्स स्क्वेअरला परवडत असेल, लहान पेठेला तो आणखी एक कर वाटतो, आणि मुदत संपली की तिथले लोक त्याला निरोप देतात.